सात नंबरचा जॉइंट

पाइपपाना दिसला की अजूनही माझा उजवा खांदा ठणकतो. डॉक्टर म्हणतात, वय झालं. झालंच आहे, नाही कोण म्हणतंय. पण अकरा वर्षं मी एका माणसाच्या शेजारी उभी राहून लोखंडी पाइप पान्यात धरून ठेवलाय, आणि तो माणूस प्लंबर नव्हता, आमचा घरमालक होता, हे डॉक्टरांना कुठं सांगत बसू.

सुरतेत नवागामला त्यांचं दोन मजली घर होतं. खाली ते, वर आम्ही, त्याच्यावर गच्ची आणि गच्चीत काळी टाकी. सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून मीही म्हणायची. धुळ्याकडचे. लूमच्या कारखान्यात चाळीस वर्षं मास्टर, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा माणूस. डाव्या करंगळीचं एक पेर मागात गेलेलं. आम्ही राहायला गेलो तेव्हा ते रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती आणि बायको जाऊन दोन महिने. आमचे हे रंगाच्या मिलमध्ये बारा-बारा तासांच्या पाळीवर, मी घरी बसून साड्यांना लेस लावायची. म्हणजे दिवसा घरात सापडणारं माणूस मी एकटीच. पहिल्याच आठवड्यात जिन्यातून हाक आली, "माय, जरा पाना धर वं." मला वाटलं, दोन मिनिटांचं काम असेल.

पुढं कळलं, माझ्याआधी हा पाना त्यांच्या बायकोनं सव्वीस वर्षं धरला होता.

घराचे सगळे पाइप त्यांनी स्वतः घातलेले. खालच्या टाकीतून मोटर पाणी उचलायची आणि घराच्या मागच्या भिंतीवरून गेलेल्या पाइपानं ते गच्चीतल्या टाकीत चढायचं. त्या एका पाइपाला चौदा जोड. प्रत्येक जोडाशेजारी भिंतीवर लाल रंगानं नंबर टाकलेला, कारखान्यात मागांवर असतो तसा. "आज चार नंबर बंद शे," असं ते सकाळी सांगायचे, म्हणजे चार नंबरचा जोड गळतोय. कधी पाच आणि नऊ एकदम. बाराशी त्यांचं वैर होतं. "बारा पहिल्यापासून हरामी शे," म्हणायचे, आणि बोलताना त्याच्याकडे पाठ करायचे.

काम सुरू करण्याआधी ते पाइपाला कान लावायचे. डोळे मिटून, तोंड थोडं उघडं ठेवून. मी मागे पाना घेऊन उभी, घरात कुकरच्या शिट्या होताहेत, पोरगी शाळेतून यायची झाली आहे, आणि हा माणूस पाइपाचं ऐकतोय. मग पान्यानं दोनदा टकटक. मग निदान. "हवा धरी ऱ्हायना." म्हणजे पाइप हवा धरतोय. मी कधी विचारलं नाही की कान लावून काय कळतं, कारण विचारलं असतं तर त्यांनी मलाही कान लावायला लावला असता.

पालिकेचं पाणी सकाळी तासभर. म्हणजे दुरुस्ती बरोबर झाली की नाही, हे दिवसातून एकदाच कळायचं. मोटर चालू करायची, ते खाली बटणापाशी, मी वर जोडापाशी. "धरला का?" ते खालून. "धरला," मी वरून. चार दिवस धरायचा. पाचव्या दिवशी भिंतीवर ओल. मग पुन्हा पाना.

आणि चहा. त्यांचा नेम होता, गळती थांबल्याशिवाय चहा प्यायचा नाही. मी करून आणायची, ते कपाकडे बघायचेही नाहीत. "आधी काम." निवला की मी खाली नेऊन परत गरम करायची, परत आणायची. एकेक चहा मी चार-चार वेळा गरम केलाय. शेवटी तो चहा नसायचा, काढा असायचा, आणि तो बशीत ओतून पिताना ते म्हणायचे, "मस्त व्हयना." मस्त झालाय. त्यांच्या चवीबद्दल मला तेव्हापासून शंका आहे.

आता तुम्ही म्हणाल, प्लंबर का नाही बोलावला. एकदा बोलावला होता, आमच्या ह्यांनी. त्यानं भिंतीकडे पाहिलं, लाल नंबर पाहिले आणि हसला. म्हणाला, "काका, हे सगळं उपटून फेका, प्लास्टिकचा पाइप टाका, एका दिवसात मोकळे." आप्पांनी त्याला पाणी विचारलं, प्यायला दिलं आणि दार दाखवलं. नंतर दोन दिवस ते आमच्या ह्यांच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चाळीस वर्षं मी दुसऱ्या मास्टरला माझ्या मागाला हात लावू दिला नाही." मी म्हटलं, "आप्पा, हा माग नाही, नळ आहे." ते म्हणाले, "तेच ते."

दोरा मात्र त्यांचा स्वतःचा. जोडाच्या आट्यांवर दोरा गुंडाळायचा, वरून सफेदा लावायचा आणि मग पाइप आवळायचा, ही त्यांची रीत. दुकानात पांढरी पट्टी मिळते ती का नाही लावत, असं मी एकदा विचारलं. "पट्टी आळशी माणसाची." निवृत्त होताना कारखान्यातून उरलेल्या धाग्याचे कोन, म्हणजे मोठी निमुळती रिळं, त्यांनी गोणीभर आणले होते. पांढरा, रेशमासारखा चमकणारा धागा, सुरतेत सगळीकडे असतो तो. त्या गोणीवर आप्पांचं सगळं जग बांधलेलं होतं. चष्म्याची काडी त्या धाग्यानं बांधलेली. फाटकाची कडी, चपलेचा अंगठा, रेडिओचं झाकण, एकदा तर आमच्या मांजरीच्या पायाला काडी लावून तीही. गाठ अशी मारायचे की दिसायची नाही. विणकराची गाठ, नखाएवढी, सपाट. बोटं इतकी भरभर चालायची की मी अकरा वर्षं बघूनही शिकले नाही.

आमच्या स्वयंपाकघरातला नळ त्यांनी एकदा दुरुस्त केला तो उलटा. दांडी कानशीनं घासून त्यांनी ती अशी बसवली की इतर घरांत जिकडे फिरवल्यावर पाणी बंद होतं, तिकडे फिरवलं की आमच्याकडे धार मोठी व्हायची. मी दाखवलं. ते म्हणाले, "सवय व्हई जाई." झाली. "व्हई जाई" हे त्यांचं उत्तर कशालाही असायचं. होऊन जाईल. पाणी कधी येणार, व्हई जाई. भिंतीचा रंग कधी लावणार, व्हई जाई. मी त्या दोन शब्दांना इतकी वैतागले होते की स्वप्नात ऐकायची.

दोष द्यायचा तर देऊ किती. पण एक गोष्ट होती. टाकी अर्धी राहिली की मी खालून बादल्या भरून वर न्यायची, एकोणीस पायऱ्या. ते दिसलं की हा माणूस घरातून धावत यायचा. "ठेव ती बादली. मन्हा घरमा बाईनं पाणी वाहायचं नाही." त्यांच्या बायकोनं गावी असताना डोक्यावरून पाणी वाहिलं होतं, दोन कोस. हे घर बांधताना त्यांनी तिला शब्द दिला होता. म्हणून तो पाइप, म्हणून ते चौदा जोड. मला हे माहीत होतं, म्हणून मी ते घरात नसताना बादल्या न्यायची.

मग माझ्या लेकीला दिवस गेले.

ती बारडोलीला दिलेली. उसाचं गाव, त्यांचं स्वतःचं घर, दारात बोअर, पाणी बोटानं बटण दाबलं की हजर. विहीणबाई वाईट नव्हत्या, पण स्पष्ट बोलायच्या. फोनवर म्हणाल्या, "ताई, पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही कळतं. पण तुमच्याकडे पाण्याचे हाल आहेत, पोरगीच सांगते. बाळंतिणीचं धुणं, बाळाची आंघोळ, कसं करणार? इथंच राहू दे तिला." मी म्हटलं, "नाही हो, आता आमच्याकडे भरपूर येतं." त्या म्हणाल्या, "मग मी येते तिला सोडायला, बघते आणि ठरवते."

माझी आई मी बारा वर्षांची असताना गेली. माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं आणि दहाव्या दिवशी मी हंडा घेऊन सार्वजनिक नळावर रांगेत उभी होते, लेक पदराखाली. कुणी वाईट वागलं नाही, घरात माणूसच नव्हतं. पण तेव्हाच मनाशी धरलं होतं, माझ्या लेकीला चाळीस दिवस अंथरुणावरून उठू देणार नाही. तेवढी एकच हौस माझी. सोनं-नाणं नाही, बंगला नाही. चाळीस दिवस.

हे मी आप्पांना सांगितलं नव्हतं. जिन्यात फोनवर बोलताना त्यांनी ऐकलं असावं. म्हणाले, "तुन्ही आंडेर आठेच ऱ्हाई." तुझी लेक इथंच राहील. आणि पाना घेऊन मागच्या भिंतीला लागले.

त्या महिन्यात आम्ही चौदाच्या चौदा जोड उघडले. मी साड्या तशाच टाकल्या. तेरा जोड कसेबसे धरले, सात नंबर मात्र धरेना. सात नंबर म्हणजे बरोबर मधला, पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली. मोटर सुरू झाली की त्यातून पाणी असं फवारायचं की शेजारची बाई कपडे उचलायची. वर टाकीत चमचाभर. पुन्हा दोरा, पुन्हा सफेदा, पुन्हा फवारा. विहीणबाई यायच्या दिवशी सकाळीही तेच झालं. मी भिंतीला टेकून रडले, सांगायला लाज नाही. आप्पा ओलेचिंब उभे होते. म्हणाले, "व्हई जाई, माय." आणि निघून गेले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की काय सांगू.

विहीणबाई अकराला आल्या, लेकीला घेऊन. मी मोरीत दोन पिंपं भरून ठेवली होती आणि ठरवलं होतं, त्यांना नळापर्यंत पोहोचूच द्यायचं नाही. पण त्या चप्पल काढल्या तशा सरळ स्वयंपाकघरात गेल्या, हात धुवायला. मी मागून, "अहो, पिंपातलं घ्या," म्हणतेय तोवर त्यांनी दांडी इकडे-तिकडे फिरवून पाहिली.

पाणी आलं.

चांगली जाड धार. मी बघतच राहिले. त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं आणि नळ बंद करायला सवयीनं दांडी फिरवली, तर धार दुप्पट. अजून फिरवली, अजून मोठी. "अगं बाई, हा बंद कसा होतो?" मी पुढं होऊन उलटी फिरवली. त्या पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "एवढं पाणी आहे तर नीट नळ तरी बसवा, वाया जातं." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "राहा तू इथंच."

जेवणं झाल्यावर त्या जरा आडव्या झाल्या आणि मी गच्चीत गेले. जिन्याच्या एकोणीसच्या एकोणीस पायऱ्या ओल्या. वर टाकीला टेकून आप्पा बसले होते. शेजारी दोन बादल्या, टाकीचं झाकण उघडं, बंडी अंगाला चिकटलेली, श्वास लागलेला. सत्तरी कधीच ओलांडली होती त्यांनी. मी समोर उभी राहिल्यावर म्हणाले, "सात नंबर धरला."

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. सात नंबरखालची भिंत ओली होती आणि मोटर सकाळपासून बंद होती.

"हो आप्पा," मी म्हटलं, "धार चांगली होती."

पुढचे सहा दिवस त्यांनी हेच केलं. पहाटे मला जिन्यात बादलीच्या कडीचा आवाज यायचा आणि मी अंथरुणात पडून पायऱ्या मोजायची. बाराव्या पायरीवर ते थांबायचे. एकदा मी उठून गेले आणि बादली धरली, तर म्हणाले, "मी कुठं पाणी वाहतोय? झाडांना घालतोय." गच्चीत एक तुळस होती, तीही सुकलेली. त्या माणसाशी भांडायचं तरी कसं. लेकीला नववा लागला होता आणि मला आता दोन काळज्या लागल्या, एक खाली, एक वर. आप्पांचं काही बरंवाईट झालं असतं तर त्या पाण्यानं मी नातवाला आंघोळ कशी घातली असती.

सातव्या दिवशी मी डिंडोलीच्या रस्त्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात वॉशर आणायला गेले. पिशवीत आप्पांच्या धाग्याचा तुकडा होता, सवयीनं आलेला. दुकानदार म्हातारा गुजराती. मी तुकडा दाखवून सहज म्हटलं, हा लावतो आम्ही जोडाला. त्यानं तो बोटात धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी लहान पोर.

"आ तो पॉलिस्टर छे, बेन. पॉलिस्टर पाणी पीतुं नथी. सुतर पाणी पीए, फूले, ने गळतुं बंध थाय."

एवढंच. सुती दोरा पाणी पितो, फुगतो आणि फट बुजवतो. पॉलिस्टर पीतच नाही. अकरा वर्षं आम्ही न पिणारा धागा गुंडाळत होतो, कारण गोणीत तोच होता, आणि सुरतेत जन्म काढलेल्या माणसाला दुसरा धागा आठवतच नाही. मी दुकानातच पायरीवर बसले. हसावं की रडावं कळेना. त्यानं मला पाणी दिलं.

आता हे आप्पांना सांगायचं कसं? ज्या माणसानं चाळीस वर्षं धाग्यात काढली, त्याला म्हणायचं, तुम्हाला धागा कळला नाही? तेही या दिवसांत, जेव्हा तो माझ्या लेकीसाठी पाणी वाहत होता. माझी जीभ रेटेना. घरी वटपौर्णिमेचं सूत उरलं होतं, वडाला गुंडाळतो ते कच्चं सूत, देव्हाऱ्याखाली हळदकुंकवाच्या डबीशेजारी. दुपारी आप्पा झोपले तेव्हा त्यांच्या पेटीतून मी चालू कोन काढला, वरचा धागा थोडा सोडवून टाकला आणि त्याच्यावर माझं सूत गुंडाळलं. टोकाला साधी गाठ मारली. पांढऱ्यावर पांढरं, त्यांचा चष्मा तसाही धाग्यावर लटकलेला. कोन परत पेटीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच खाली गेले. "आप्पा, आज शेवटचं एकदा सात नंबर बघू." ते माझ्यासारखेच थकले होते, पण उठले. सात नंबर उघडला. मी पाना धरला. त्यांनी कोन हातात घेतला, टोक ओढलं, अंगठा आणि बोटात धरलं. जरा थांबले. मग म्हणाले, "माय, आधी चहा आण बरं."

मला वाटलं, थकलेत. गेले, चहा केला, आले तोवर जोड आवळून झाला होता. मोटर सुरू केली. खिडकीखाली थोडं ठिबकलं, मग थांबलं. वर टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला, आणि आप्पांनी पाइपाला कान न लावता तो ऐकला. "धरला का?" त्यांनी विचारलं, शेजारीच उभे राहून. "धरला," मी म्हटलं. चहा त्या दिवशी त्यांनी गरम प्यायला आणि म्हणाले, "फिका शे."

लेकीला मुलगा झाला. चाळीस दिवस ती अंथरुणावरून हलली नाही, मी हलू दिलंच नाही. बाळाची आंघोळ त्या उलट्या नळाखाली व्हायची आणि आप्पा दारात उभं राहून, आत न येता, नुसता पाण्याचा आवाज ऐकायचे. मी मनातल्या मनात फार शहाणी होते. बघा, कशी युक्ती केली, माणसाचा मानही राहिला आणि पाणीही आलं, असं मी आमच्या ह्यांना दहा वेळा सांगितलं. पुढच्या वर्षभरात बाकीचे जोडही एकेक करून आप्पांनी उघडले आणि ते धरले, बारासुद्धा. माझं सूत तर सातलाच संपलं होतं. पण रोज पाणी येतंय म्हटल्यावर कोण विचार करत बसतं. मला हातात पाना नको होता, तो सुटला, एवढं पुरे होतं.

मग आम्ही स्वतःचा फ्लॅट घेतला, लहानसाच. तिथं सगळे पाइप भिंतीच्या आत, गळतात तेही दिसत नाहीत, खालच्या मजल्यावरचे लोक भांडायला आले की कळतं. आप्पा गेल्या थंडीत गेले, झोपेतच. त्यांचा मुलगा पुण्याहून आला, घर विकायला काढलं. मला फोन करून म्हणाला, "मावशी, तुम्हाला काही आठवण हवी असेल तर घेऊन जा." मी ती पत्र्याची पेटी मागितली. तो म्हणाला, "ती? ती तर भंगारात द्यायची होती."

पेटी जड होती. रिक्षातून घरी आणली, खांदा दुखत होताच. संध्याकाळी उघडली. पाना, सफेद्याची सुकलेली डबी, कानस आणि पाच कोन. एक उचलला आणि हाताला वेगळं लागलं. मऊ, जरा खरखरीत. सूत होतं. पूजेच्या दुकानातलं कच्चं सूत. खाली त्यांचा चमकणारा पॉलिस्टर आणि वर बोटभर सुताचा थर, मी गुंडाळला होता तसाच. पाचही कोनांवर. फरक इतकाच की माझी गाठ साधी होती, आणि ही नखाएवढी, सपाट, विणकराची.

चाळीस वर्षं बोटांवर धागा खेळवलेल्या माणसाला सूत आणि पॉलिस्टर कळणार नाही, असं मला वाटलंच कसं. त्यांनी टोक बोटात धरलं त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं होतं. आपण अकरा वर्षं काय चुकत होतो तेही. आणि मला कळलंय हेही. गळती थांबल्याशिवाय ज्यानं कधी घोटभर चहा घेतला नाही, त्यानं त्या दिवशी आधी चहा का मागितला, ते मला आता समजलं. त्यांचा चेहरा मी बघू नये, म्हणून.